‘आयएनएएस ३००’: पांढऱ्या वाघाच्या चिन्हाची परंपरा

गोव्यातील ‘आयएनएस हंसा’ या तळावर कार्यरत असलेली ‘आयएनएएस ३००’ ही भारतीय नौदलाची पहिली विमानवाहू नौकाधारित लढाऊ जेट स्क्वाड्रन होय. बोधचिन्हावरील पांढऱ्या वाघामुळे ती ‘व्हाइट टायगर्स’ या नावाने ओळखली जाते.

स्क्वाड्रनची स्थापना ७ जुलै १९६० रोजी ब्रिटनमधील ब्रॉडी येथे झाली. तिची ‘सी हॉक’ विमाने ब्रिटिश बनावटीची होती. चिन्हावरील प्राणी मात्र अस्सल भारतीय. पांढरा वाघ ही स्वतंत्र प्रजाती नसून बंगाल वाघाचाच दुर्मीळ रंगप्रकार आहे. आजच्या मध्य प्रदेशातील रीवा परिसरात १९५१ मध्ये पकडलेल्या ‘मोहन’ या बछड्यामुळे तो जगभर परिचित झाला.

‘आयएनएस विक्रांत’ ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे नौदलात दाखल झाली. पुढे नौदलप्रमुख झालेले राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी यांनी त्याच वर्षी १८ मे रोजी तिच्यावर पहिले जेट विमान उतरवले. १९६५ च्या युद्धात ‘विक्रांत’ दुरुस्तीसाठी गोदीत होती. १९७१ च्या युद्धात मात्र ४ डिसेंबरपासून ‘सी हॉक’ विमानांनी तिच्यावरून उड्डाणे करत कॉक्स बाजार, चितगाव येथील लक्ष्यांवर हल्ले चढवले. या मोहिमेसाठी स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांना महावीर चक्र प्रदान करण्यात आले.

डिसेंबर १९८३ मध्ये ‘सी हॅरिअर’ विमाने गोव्यात दाखल झाली आणि पांढरा वाघ त्यांच्या शेपटीवर झळकू लागला. आखूड धावपट्टीवरून झेप घेणारी आणि सरळ खाली उतरणारी ही विमाने प्रथम ‘विक्रांत’ व नंतर ‘विराट’वरून उडाली. या सेवेची किंमतही मोठी होती : निम्म्याहून अधिक ‘सी हॅरिअर’ अपघातांत नष्ट झाली आणि काही वैमानिकांनी प्राण गमावले.

११ मे २०१६ रोजी ‘हंसा’वर ‘सी हॅरिअर’ना निरोप देण्यात आला. त्याच समारंभात रशियन बनावटीच्या ‘मिग-२९के’ विमानांनी त्यांची जागा घेतली. ही विमाने नौकेवर उतरताना शेपटीखालच्या आकड्याने डेकवरील पोलादी तार पकडून थांबतात. त्यामुळे ‘सी हॅरिअर’च्या काळात मागे पडलेले तारेच्या साहाय्याने उतरण्याचे तंत्र स्क्वाड्रनमध्ये पुन्हा आले. विमाने, नौका आणि वैमानिकांच्या पिढ्या बदलल्या. ३०० हा क्रमांक आणि पांढरा वाघ मात्र कायम आहेत.