रेणूंची ओळख त्यांच्या गिरकीवरून: मिलिमीटर वेव्हचं हे तंत्र इतकं फास्ट कसं झालं?

समजा, एका बाटलीत वायूंचं मिश्रण आहे आणि त्यात काय काय आहे ते शोधायचंय. संशयितांची यादी हातात असेल तर काम सोपं, एकेक नाव घेऊन तपासत जायचं. पण यादीच नसेल तर?

इथे मिलिमीटर वेव्ह स्पेक्ट्रोस्कोपी कामाला येते. नाव जड आहे, कल्पना तेवढी नाही.

वायूतले रेणू सतत स्वतःभोवती फिरत असतात. मात्र हव्या त्या वेगाने नाही. क्वांटमच्या नियमांमुळे त्यांच्या फिरण्याला ठरावीक पायऱ्या असतात. खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर जायला रेणूला नेमक्या एका फ्रिक्वेन्सीची लहर लागते, तेवढीच तो शोषतो. कार्बन मोनॉक्साइडची पहिली उडी 115.27 गिगाहर्ट्झला होते. त्यातल्या साध्या कार्बनच्या जागी एका न्यूट्रॉनने जड असलेला कार्बन-13 आला, की तीच उडी 110.20 वर सरकते. एका न्यूट्रॉनचा फरकही इथे लपत नाही!

वायूचा दाब अगदी कमी ठेवला तर 300 गिगाहर्ट्झच्या आसपास शोषणाची प्रत्येक रेषा साधारण अर्धा ते एक मेगाहर्ट्झ रुंद असते. म्हणजे 30 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात हजारो रेषा एकमेकींना न चिकटता मावतात. त्यामुळे मिश्रणातले वायू आधी वेगळे न करताही ओळखता येतात.

मग अडचण कुठे होती?

वेळेची. 1934 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात क्लीटन आणि विल्यम्स यांनी रबर लावलेल्या कापडी पिशवीत अमोनिया भरून त्यातून सव्वा सेंटीमीटरच्या आसपासच्या लहरी सोडल्या. मायक्रोवेव्हमध्ये रेणूचं शोषण मोजण्याची ती सुरुवात. त्यानंतर कित्येक वर्षं पद्धत साधारण तीच राहिली: एक फ्रिक्वेन्सी लावा, मोजा, किंचित सरका, पुन्हा मोजा. जुन्या रेडिओचं बटण फिरवत स्टेशन शोधण्यासारखं. रेषा इतक्या बारीक, की पावलंही तेवढीच बारीक टाकावी लागायची. साहजिकच, लोक आधीच माहीत असलेल्या रेषेपाशी जाऊन ‘अमुक वायू आहे का?’ एवढंच विचारायचे. ‘आत काय काय आहे?’ हा प्रश्न परवडणारा नव्हता.

1990च्या दशकात ओहायो स्टेट विद्यापीठात फ्रँक डी लुशिया यांच्या गटाने यातून एक भन्नाट वाट काढली. त्यांच्याकडच्या लहरी निर्माण करणाऱ्या नळीची फ्रिक्वेन्सी हळूहळू भरकटायची. तिला जखडून ठेवण्याऐवजी त्यांनी ती इतक्या वेगाने फिरवली, की भरकटायला वेळच मिळू नये. काही सेकंदांत दहादहा गिगाहर्ट्झचे पट्टे पार! फ्रिक्वेन्सीची मोजपट्टी म्हणून बाजूला दोन आरशांची पोकळी आणि ओळखीच्या वायूच्या रेषा. या तंत्राचं नाव फास्ट.

टाळी वाजवा आणि ऐका

पुढची उडी व्हर्जिनिया विद्यापीठातल्या ब्रूक्स पेट यांच्या गटाची. त्यांनी लहर सरकवत शोषण मोजणंच सोडलं. मायक्रोसेकंदभराचा एक ‘चर्प’ सोडायचा, म्हणजे शीळ खालच्या सुरातून वरच्या सुरात जावी तशी चढत जाणारी लहर. 2008 मध्ये त्यांनी सविस्तर मांडलेल्या उपकरणात एकच चर्प 11 गिगाहर्ट्झ व्यापायचा. रेणू त्या धक्क्याने एका लयीत येतात आणि चर्प थांबल्यावर स्वतःच क्षीण लहरी सोडतात, घंटेवर टोला दिल्यावर नाद रेंगाळावा तसं. तो नाद रेकॉर्ड करून फुरिये ट्रान्सफॉर्म नावाच्या गणिताने सूर वेगळे केले, की सगळ्या रेषा एकदम हातात. त्याआधीच्या पोकळीवाल्या उपकरणांत एका वेळी जेमतेम एक मेगाहर्ट्झचा तुकडा दिसायचा.

हेच मिलिमीटर वेव्हमध्ये आणताना मात्र नवी डोकेदुखी झाली. इथे रेणूंचा नाद मायक्रोसेकंदभरातच विरतो आणि 30 गिगाहर्ट्झचा आवाज एका दमात रेकॉर्ड करणारं यंत्र प्रचंड महाग पडतं. उपाय 2013च्या सुमारास आला: पट्ट्याचे छोटे तुकडे करा, प्रत्येकाला छोटा चर्प द्या, ऐका, पुढे चला. नाद लवकर विरतो हा तोटा इथे फायद्याचा ठरला, कारण पुढच्या टोल्यासाठी थांबावंच लागत नाही. सेकंदाला हजारो टोले देऊन सरासरी काढली, की क्षीण रेषाही वर येतात.

2017 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी मोबाइलच्या चिप ज्या तंत्राने बनतात त्याच तंत्राने स्पेक्ट्रोमीटरची चिप बनवली. 220 ते 320 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एका लहरीऐवजी कंगव्याच्या दातांसारख्या 20 लहरी एकाच वेळी वायू तपासतात. जणू एकाच रेडिओला 20 बटणं.

कुणाला उपयोग?

एथिलीन ऑक्साइडचं उदाहरण घ्या. हॉस्पिटलची उपकरणं निर्जंतुक करायला हा वायू वापरतात आणि तो कर्करोगकारकही आहे. त्याचा रेणू छोटा आणि विद्युतदृष्ट्या एकांगी, म्हणजे एका बाजूला धन तर दुसऱ्या बाजूला ऋण प्रभार जास्त. त्यामुळे या तंत्राला तो ठळक दिसतो. औषधांत उरलेली द्रावकं शोधायलाही हेच तंत्र वापरता येतं. खगोलशास्त्रज्ञांना तर प्रयोगशाळेतल्या या रेषा लागतातच. चिलीतल्या अल्मा दुर्बिणीने पकडलेली रेषा कुठल्या रेणूची, हे त्यांच्याशी जुळवूनच ठरतं.

पण सगळंच दिसतं असं नाही. नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड, मिथेन, बेंझिन यांच्या रेणूंत प्रभार समतोल असतो, म्हणून ते इथे जवळजवळ अदृश्यच राहतात. शिवाय साध्या हवेच्या दाबाला रेषा पसरून एकमेकींत मिसळतात, म्हणून पंप लावून दाब खूप खाली आणावा लागतो. चिप बोटावर मावते, पण पंप अजून तितका छोटा झालेला नाही.