चित्रामागची माणसे



मीरा-भाईंदरमधला हाटकेश भाग आज उंच इमारतींनी भरून गेला आहे. तेथून जवळच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. त्या रानात वारली लोकांचे पाडे आहेत, शहर येण्याच्या कितीतरी आधीपासूनचे. पण इमारतीतल्या मुलाला विचारा, वारली म्हणजे काय? तो चटकन म्हणेल, ‘चित्र!’ पडद्यावर, कपबशीवर, शाळेच्या भिंतीवर त्याने ते पाहिलेले असते. चित्र घरात आले. माणसांची ओळख व्हायची राहिली.

तेव्हा मुलांना आधी चित्राचे मूळ सांगावे. वारल्यांच्या घरी लग्न निघाले की सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने ‘चौक’ लिहितात. हो, लिहितात असेच म्हणतात बरे का! चौकात पालघट देवी असते. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाईच. गाणी म्हणत ती विधी करते. भोपळा आणि बांबू यांचा तारपा वाजू लागला की त्याच्याभोवती नाच फिरू लागतो. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी हे चित्र लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणले आणि जगभर नेले. २०११ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली; २०१८ साली ते वारले.

पण येथेच थांबलो तर गोष्ट अर्धीच राहील. ज्या हातांनी चौक लिहिला, त्याच हातांनी सावकार-जमीनदारांची वेठ केली. लग्नासाठी थोडे कर्ज काढावे आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोने वर्षानुवर्षे धन्याकडे राबावे, अशा गड्याला ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ च्या मे महिन्यात झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही, असे त्यांनी ठरवले. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्या सोबतीला होते. पुढे गवतकापणीचा हंगाम आला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मजुरी द्या, ही त्यांची मागणी. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी मेले. मुलांना हे सांगायला कचरू नये. अन्याय काय असतो, हे त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळते.

असेच दुसरे एक उदाहरण सातासमुद्रापलीकडचे आहे. अमेरिकेतल्या सू लोकांना आपली मुले सिनेमामुळे ‘रेड इंडियन’ म्हणून ओळखतात. ‘सू’ हे नावही इतरांनी दिलेले; ते स्वतःला लाकोटा, डाकोटा म्हणवतात. लाकोटा लोक पहिल्या हिमवर्षावापासून पुढच्या हिमवर्षावापर्यंत एक वर्ष धरत आणि त्या वर्षाची खूण म्हणून कातड्यावर एक चित्र काढत. १८३३ साली आकाशातून उल्कांचा पाऊस पडला. त्यांच्या अनेक चित्रपटांवर ती ‘तारे पडल्याची’ खूण आहे. जाणता माणूस चित्रावर बोट ठेवून त्या वर्षाची हकीगत सांगे. २९ डिसेंबर १८९० रोजी वुंडेड नी येथे अमेरिकन सैन्याने त्यांची दीडशेहून अधिक माणसे मारली. त्यात बायका-मुले पुष्कळ होती. तरी हे लोक संपले नाहीत. आजही ते आहेत आणि आपल्या भाषा मुलांना शिकवीत आहेत.

गुरुजी, बाई, वर्गात एक करून पाहा. प्रत्येक मुलाने घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून गेल्या वर्षाची एकच खूण काढावी: पूर, लग्न, नवी विहीर, काहीही. मग उभे राहून तिची हकीगत सांगावी. लिहिता येण्याआधीही माणसाला इतिहास होता, हे त्यांना आपोआप उमजेल. पाड्यावरच्या एखाद्या आजीला पाहुणी म्हणून बोलवा. तिला खुर्ची द्या, घाई करू नका.

आणि एक जपा. वर्गात पाड्यावरचे मूल असेल तर त्याला नमुना म्हणून उभे करू नका. ‘वारली लोक असे राहत होते’ असे म्हणू नका. ‘राहतात’ म्हणा. तेवढ्या एका शब्दाने ते मूल मान वर करून बसेल.