दोन शिलिंगांचा रुपया

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या पाटावर एक जुनी वही अजून मांडली जाते. लाल खारव्यात बांधलेली ही वही म्हणजे माझ्या आजोबांच्या दुकानाची शेवटची खतावणी. गेल्या शंभर वर्षांत तिच्यात कुणी एक अक्षरही लिहिलेले नाही. गिरगावात आजोबांचे सायकली, ग्रामोफोन आणि शिवणयंत्रे यांचे लहानसे दुकान होते. ते १९२१ च्या दिवाळीपूर्वीच बंद झाले. का बंद झाले, असे विचारले की आजी एवढेच म्हणे, "दोन शिलिंगांनी खाल्लं." शिलिंग हा वाळवीसारखा एखादा किडा असावा, अशी माझी बाळपणी समजूत होती.

शिलिंग म्हणजे काय ते पुढे शाळेत कळले. पण दोन शिलिंग मिळून एक दुकान कसे खातात, हे नीट उमगायला २०१३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मे महिन्याच्या आरंभी माझ्या पुतण्याने एका परदेशी कंपनीकडे एका नव्या यंत्राची आगाऊ मागणी नोंदवली. यंत्र तयार व्हायचे होते. किंमत ३०० डॉलर, आणि पैसे माल रवाना होईल त्या दिवशी बँकेच्या कार्डावरून घेतले जायचे होते. डॉलर तेव्हा ५४ रुपयांच्या आसपास होता. पुतण्याने १६,२०० रुपये बाजूला काढून ठेवले. माल निघाला तो ऑगस्टच्या अखेरीस, आणि नेमका त्याच आठवड्यात डॉलर ६८ रुपयांच्या वर गेला. खात्यातून वीस हजारांवर रक्कम वजा झाली. भरीत भर म्हणजे लंडनला राहणाऱ्या त्याच्या मित्राला तेच यंत्र ३०० पौंडांना पडले. आकडा तोच, फक्त डॉलरचे चिन्ह पुसून पौंडाचे घातलेले! तिथला कर त्यात धरला, तरी ही गोष्ट सरळ म्हणता येणार नाही.

"काका," पुतण्या मला म्हणाला, "त्यांनी तीनशे सांगितले आणि तीनशेच घेतले. मग माझे चार हजार रुपये गेले कुणाच्या खिशात?"

मी उठलो आणि पाटावरची ती वही काढून आणली. मोडी मला जेमतेम वाचता येते. पण त्या वहीत हाच प्रश्न मांडलेला आहे, हे मला त्या दिवशी प्रथम दिसले.

तो समजून घ्यायचा तर थोडा हिशेब करावा लागेल. बारा पेन्सांचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. म्हणजे पौंडाचे पेन्स २४०. आपला रुपया १८९८ च्या सुमारापासून १६ पेन्सांवर, म्हणजे १ शिलिंग ४ पेन्सांवर स्थिर झाला होता. पंधरा रुपयांना एक पौंड. ही स्थिरता निसर्गाने दिलेली नव्हती. १८९३ साली सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. तेव्हापासून रुपयातली चांदी रुपयाच्या किमतीहून स्वस्तच राहिली. रुपया म्हणजे एका अर्थी चांदीवर छापलेली नोटच झाली. परंतु सामान्य माणसाला याचे काय? त्याची एक पिढी पंधरा रुपयांचा पौंड पाहतच मोठी झाली. सूर्य पूर्वेला उगवतो, तसा पौंड पंधरा रुपयांना मिळतो, असेच जणू तिला वाटत होते.

या भरवशाला पहिल्या महायुद्धाने तडा दिला. हिंदुस्थानातून गहू, ताग, कापूस यांच्या राशी बाहेर गेल्या. त्या मानाने माल आत आला नाही. देणे रुपयांत चुकवायचे, आणि रुपये पाडायला चांदी हवी. लंडनच्या बाजारात चांदी औंसाला ४३ पेन्सांपर्यंत चढली, की रुपयातली चांदी रुपयाइतक्याच किमतीची होते. सप्टेंबर १९१७ मध्ये ती ५५ पेन्सांवर गेली. मग रुपया खर्चण्यापेक्षा वितळवण्यात फायदा! सरकारने नाणी वितळवणे हा गुन्हा ठरवला, १९१७ च्या अखेरीस एक रुपयाच्या नोटा काढल्या, अमेरिकेकडून १९१८ च्या कराराने वीस कोटी औंस चांदी मिळवली; आणि त्याचबरोबर रुपयाचा दरही चढवत नेला. ऑगस्ट १९१७ मध्ये १ शिलिंग ५ पेन्स. एप्रिल १९१८ मध्ये १ शिलिंग ६. मे १९१९ मध्ये १ शिलिंग ८. सप्टेंबरात २ शिलिंग. आणि डिसेंबरात २ शिलिंग ४ पेन्स.

पुढे काय करावे, हे ठरवायला लंडनला बॅबिंग्टन स्मिथ समिती बसली होती. तिचा अहवाल फेब्रुवारी १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. समितीने सांगितले, की रुपया यापुढे सोन्याच्या दोन शिलिंगांचा करावा. म्हणजे सोन्याची एक गिनी-मोहर, जिला सॉव्हरिन म्हणत, ती पंधराऐवजी दहा रुपयांना मिळावी. समितीतले एकमेव हिंदी सभासद, मुंबईचे दादीबा मेरवानजी दलाल, यांनी मात्र भिन्नमतपत्रिका जोडली. पंधराचाच दर ठेवा, चांदी महाग असेल तोवर कमी चांदीचे नवे नाणे पाडा, पण साऱ्या देशाच्या देण्याघेण्याचे माप बदलू नका, असे त्यांचे म्हणणे होते. बाजारात आयुष्य घालवलेल्या त्या माणसाला माहीत होते, की माप बदलले की मालाचे नुसते वजन बदलत नाही, जुने करारही बदलतात. त्यांचे कुणी ऐकले नाही.

इंग्लंडचा कागदी पौंड त्या वेळी सोन्याच्या मानाने उतरला होता. त्यामुळे सोन्याचे दोन शिलिंग म्हणजे कागदी शिलिंग कितीतरी अधिक. फेब्रुवारी १९२० मध्ये रुपया २ शिलिंग ८ पेन्सांच्याही पुढे गेला. म्हणजे शंभर पौंडांचा विलायती माल, जो युद्धापूर्वी १,५०० रुपयांना पडे, तो आता ७५० रुपयांना! युद्धाची चार वर्षे दुकाने रिकामी होती. मूळजी जेठा मार्केटातल्या कापडवाल्यांपासून आमच्या आजोबांसारख्या लहान दुकानदारांपर्यंत सर्वांनी विलायतेकडे मागण्या धाडल्या.

या मागणीला बाजारात 'इंडेंट' म्हणत. फोर्टातल्या एखाद्या पेढीमार्फत मागणी जाई. किंमत पौंडांत ठरे. माल आगबोटीने येई, आणि त्याचे कागद बँकेत येत. हुंडीचे पैसे रुपयांत भरावे, तेव्हा बँक कागद देई. कागद मिळाले की गोदीतून माल सुटे. आता हे रुपये कोणत्या दराने? ज्याने मागणी देतानाच बँकेशी हुंडणावळीचा दर बांधून घेतला असेल, त्याला त्या दराने. ज्याने बांधला नसेल, त्याला पैसे भरण्याच्या दिवशीच्या दराने. दर बांधून घेण्याची सोय तेव्हाही होती. पण बहुतेकांनी तिकडे लक्ष दिले नाही. खुद्द सरकारने रुपया दोन शिलिंगांचा म्हटल्यावर तो त्याखाली जाईल कसा? वर गेला तर लाभच!

आजोबांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. त्यांनी मार्च १९२० मध्ये अकरा गिऱ्हाइकांकडून सायकलींचा इसार घेतला आणि किंमत रुपयांत कबूल केली. पौंडांत मागवायचे आणि रुपयांत विकण्याचा शब्द द्यायचा. मधली दरी कुणी भरायची, ते कुठल्याच कागदावर लिहिलेले नव्हते.

दरी रुंद व्हायला वेळ लागला नाही. रुपयाचा दर टिकवण्यासाठी सरकार 'रिव्हर्स कौन्सिल' नावाच्या उलट्या हुंड्या विकत होते. म्हणजे इथे रुपये घ्यायचे आणि लंडनमधल्या हिंदुस्थानच्या शिलकीतून पौंड द्यायचे. ज्यांना युद्धातला नफा विलायतेला न्यायचा होता, त्यांना ही पर्वणीच होती. जानेवारीपासून २८ सप्टेंबर १९२० पर्यंत साडेपाच कोटी पौंडांवर रक्कम अशी विकली गेली. हिंदुस्थानने पंधरा रुपयांच्या हिशेबाने साठवलेला पौंड सात ते दहा रुपयांना गेला. जूनमध्ये सरकारने सोन्याचे दोन शिलिंग सोडून कागदी दोन शिलिंग धरले. सप्टेंबरात तेही सोडले. इकडे चांदी कोसळली, जगभर मंदी आली, आपला माल परदेशी कुणी घेईना, आणि स्वस्ताईत मागवलेल्या मालाच्या आगबोटी मात्र एकामागून एक बंदरात लागू लागल्या. १९२० संपता संपता रुपया दीड शिलिंगाच्याही खाली आला. १९२१ मध्ये १ शिलिंग ४ पेन्सांच्याही खाली घसरला. कायद्याच्या पुस्तकात मात्र सॉव्हरिन दहा रुपयांचीच राहिली, ती थेट १९२७ पर्यंत!

७५० रुपयांचा समजून मागवलेला माल १,५०० रुपयांना पडला, आणि तोपर्यंत मँचेस्टरचे भावही उतरल्यामुळे बाजारात त्याला तेवढी किंमत उरली नाही. मुंबई, दिल्ली, अमृतसर, कलकत्ता इथल्या कापडवाल्यांनी एकत्र येऊन सांगितले, की दोन शिलिंगांच्या दराने हिशेब होणार असेल, तरच हुंड्या सोडवू. विलायती पेढ्यांनी त्यांना शब्द मोडणारे ठरवले. पेढ्यांचे म्हणणे सरळ होते: आम्ही पौंड सांगितले, पौंडच मागतो. व्यापाऱ्यांचेही म्हणणे सरळ होते: सरकारने दिलेल्या मापाने आम्ही मोजले, माप सरकारने बदलले. १९२१ च्या जुलैअखेर परळला विलायती कापडाची होळी पेटली. त्या वर्षी नवा विलायती माल न मागवण्याचा जो निर्धार बाजाराने केला, तो स्वदेशीचा होता, तसा थोडा हिशेबाचाही होता, असे म्हटले तर त्यात कुणाचा उपमर्द होऊ नये.

या सगळ्या उलथापालथीत, नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारा एक तरुण प्राध्यापक होता. पुढे तो लंडनला गेला आणि १९२३ साली त्याचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ तिथे प्रसिद्ध झाला. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. चलन किती काढायचे, हे अधिकाऱ्यांच्या मर्जीवर ठेवू नका, त्याला कायद्याची मर्यादा घाला. आणि परदेशातल्या दरापेक्षा रुपया देशात किती विकत घेतो, तिकडे आधी पाहा, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा. पुढे हिल्टन यंग आयोगाने १९२६ साली १ शिलिंग ६ पेन्सांचा दर सुचवला, तेव्हा सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमत नोंदवून १ शिलिंग ४ पेन्स मागितले. नुसता दोन पेन्सांचा फरक. पण एक पौंडाचा कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याला पंधराऐवजी सव्वातेरा रुपयांच्या आसपास मिळणार होते. दर कोणताही असो, कुणाच्या तरी ताटातून काढून कुणाच्या तरी ताटात तो वाढतोच. १९२७ मध्ये १ शिलिंग ६ चा कायदा झाला.

पुतण्याला मी हे सारे सांगितले. त्याचे चार हजार कुणा एकाच्या खिशात गेले नव्हते. कंपनीला तिचे तीनशेच डॉलर मिळाले होते. पण मागणी आणि फेड या दोन दिवसांमधला सगळा धोका तिने न बोलता त्याच्या माथी मारला होता, ही खरी तक्रार. १९९३ पासून आपला रुपया मुख्यतः बाजाराच्या वाऱ्यावर चालतो. त्याचा दर कुणी स्थिर ठेवावा, असे मी म्हणणार नाही. परंतु जो आगाऊ मागणी घेतो, त्याने दोन गोष्टी आधी सांगाव्यात: कोणत्या दिवसाचा दर धरणार, आणि फरक पडला तर तो कुणी सोसायचा. याला मी न्याय्य किंमत म्हणतो. आकडा कमी की जास्त, हा त्यानंतरचा प्रश्न.

"मग आजोबांनी काय केलं?" पुतण्याने विचारले.

आजोबांनी ठराव केला नाही. बँकेत पंधराच्या आसपासच्या दराने पैसे भरले, आणि अकराही सायकली कबूल केलेल्या किमतीला दिल्या. आजीच्या पाटल्या त्यातच गेल्या. ते थोर होते की भोळे, हे मला आजही ठरवता येत नाही. सरकार, पेढी आणि बँक यांनी ज्या दरीकडे पाठ फिरवली, ती त्यांनी एकट्याने भरली. आणि असे एकट्याने भरणे हाही न्याय नव्हे, एवढे मात्र मला कळते.

वहीच्या शेवटच्या पानावर अकरा नावे आहेत. प्रत्येकापुढे 'माल पोचला' असा शेरा आहे. दहा नावांखाली रेघ मारली आहे. अकरावे नाव एका शाळामास्तरांचे. त्यांच्यापुढे महिनाभरानंतरच्या मितीची, वेगळ्या शाईतली एक ओळ आहे: 'वरचे रुपये २५ आणून दिले, न मागता.' पानावर बाकी काढलेली नाही.