कितीला घेतले होते?

शेअरच्या खरेदीची नोंद ठेवायची सवय आपल्या घरांमधून कशी गेली, याचा हा छोटासा इतिहास. नातेवाईक मंडळींनी निदान शेवटचा परिच्छेद वाचावा ही विनंती!

कागदी शेअरच्या काळात नोंद आपोआप राहायची. सर्टिफिकेटच्या मागे शेअर कधी कोणाच्या नावावर झाले ते लिहिलेलं असायचं, आणि सोबत टाचणी लावून ब्रोकरची कॉन्ट्रॅक्ट नोट. तारीख आणि भाव, दोन्ही कपाटात. १९९६ साली डिपॉझिटरी कायदा आला, त्याच वर्षी एनएसडीएल सुरू झालं आणि हळूहळू ही सर्टिफिकेटं डीमॅटसाठी परत गेली. खोटे शेअर, सही जुळत नाही म्हणून परत येणारे कागद, सगळी कटकट संपली. उत्तमच झालं. पण कागद देऊन जमा केलेले शेअर मुळात कितीला घेतले होते, हे डीमॅटच्या स्टेटमेंटवर नसतं. तिथे असते ती फक्त संख्या.

मग नोंद ठेवायची कुठे? कॉम्प्युटरवर. स्कॉट कुक आणि टॉम प्रू यांनी १९८३ साली कॅलिफोर्नियात इंट्युइट कंपनी काढली, तिचं 'क्विकन' घरातल्या चेकबुकाचा हिशोब ठेवायचं. १९९१ मध्ये 'मायक्रोसॉफ्ट मनी' आलं. पुढे दोन्हींत शेअर, फंड, डिव्हिडंड सगळं लिहिता यायला लागलं.

पण ही सॉफ्टवेअरं अमेरिकेच्या रीतीची. आपला बोनस घ्या. समजा १०० शेअर ३०० रुपयांनी घेतले आणि तीन वर्षांनी एकास एक बोनस मिळाला. तो स्प्लिट म्हणून लिहिला, तर २०० शेअर १५० च्या भावाने दिसतात. आपल्या आयकरात मात्र जुने १०० शेअर ३०० चेच राहतात, बोनसचे १०० शून्य किमतीचे, आणि त्यांची तारीखही वेगळी. शिवाय डीमॅटमधून विकताना आधी आलेले शेअर आधी गेले असं धरतात. म्हणजे १०० शेअर २०० ने विकले, तर सॉफ्टवेअर ५,००० रुपये नफा दाखवणार आणि कायद्याने होणार १०,००० तोटा!

त्यातून ऑक्टोबर २००४ पासून, एसटीटी भरून बाजारात विकलेल्या, वर्षाहून जास्त ठेवलेल्या शेअरवरचा नफा करमुक्त झाला. करच नाही, तर जुना भाव कशाला जपायचा? चौदा वर्षांत सवय गेली. २०१८ च्या अर्थसंकल्पात तो कर परत आला. ३१ जानेवारी २०१८ पर्यंतच्या वाढीला सूट मिळाली खरी, पण हिशोबाला त्या दिवसाचा भाव आणि मूळ खरेदीचा भाव, दोन्ही लागतात. त्या दिवसाचा भाव कुठेही सापडतो. मूळ भाव कोण सांगणार?

ज्यांनी सगळं 'मनी'त लिहिलं होतं त्यांचं काय? मायक्रोसॉफ्टने ३० जून २००९ ला त्याची विक्री थांबवली. २०१० मध्ये जुन्या फाइल उघडता याव्यात म्हणून एक फुकट आवृत्ती दिली, एवढंच. कागद गेला, कायदा दोनदा फिरला, सॉफ्टवेअरही बंद पडलं.

म्हणून, मंडळी, सॉफ्टवेअर कुठलंही वापरा, पण वर्षातून एकदा सगळी यादी छापून फाइलला लावा: तारीख, संख्या, भाव, दलाली आणि बोनस असेल तर तसं स्पष्ट. वारशाने आलेल्या शेअरलाही आयकरात मूळ मालकाचीच खरेदी किंमत धरतात. ज्यांनी घेतले ते आज समोर बसलेत तोवर विचारून घ्या. नंतर तो भाव सांगणारं घरात कोणी नसेल.