सेंट राडेगुंडचा शेतकरी आणि मुंबईचे आर्चबिशप

युद्धाविषयीची कॅथलिक शिकवण अहिंसेची आहे असे म्हणता येत नाही, आणि ती राजाज्ञेच्या निमूट पालनाची आहे असे तर मुळीच म्हणता येत नाही. संत ऑगस्टीनपासून चालत आलेल्या न्याय्य युद्धाच्या विचारात अधिकृत सत्ता, न्याय्य कारण व शुद्ध हेतू या अटी घातलेल्या आहेत, आणि ज्या युद्धात त्या पुऱ्या होत नाहीत ते लढणे पाप ठरते. परंतु ही पारख करावयाची कोणी? सोळाव्या शतकात सालामांका येथील धर्मपंडित फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी असा निर्णय दिला की, युद्ध अन्यायाचे आहे अशी ज्याची खात्री झाली असेल त्याने राजाचा हुकूम असला तरी शस्त्र धरू नये. केवळ संशय असेल तर मात्र धरावे. या निर्णयाचा उत्तरार्ध सामान्य भाविकांच्या मनावर पुढे वारंवार बिंबविला गेला, आणि पूर्वार्ध बहुतांशी पंडितांच्या ग्रंथांतच पडून राहिला.

तो पूर्वार्ध आचरून दाखविला अप्पर ऑस्ट्रियातील सेंट राडेगुंड या खेड्यातल्या एका शेतकऱ्याने. फ्रान्झ येगरश्टेटर याचा जन्म १९०७ चा. शिक्षण गावच्या शाळेपुरते. तारुण्यात तो काहीसा दांडगट म्हणून प्रसिद्ध होता, परंतु १९३६ मध्ये फ्रान्झिस्का हिच्याशी विवाह झाल्यानंतर त्याच्या श्रद्धेला खोली आली. १९३८ च्या एप्रिलमध्ये, ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन करण्याविषयी जे सार्वमत घेण्यात आले, त्यात त्याच्या गावातून विरोधी पडलेले एकमेव मत त्याचे होते, आणि सरकारी दप्तरी मात्र गावाचा कौल एकमुखी म्हणून नोंदविला गेला. लष्करी शिक्षण उरकून १९४१ मध्ये तो शेतीसाठी घरी परतला, तेव्हा पुन्हा बोलावणे आल्यास शस्त्र घ्यावयाचे नाही असा त्याचा निश्चय होत गेला. रशियावरील स्वारी बोल्शेव्हिकांच्या पारिपत्यासाठी आहे की तेथील खनिजे, तेल व सुपीक जमीन बळकावण्यासाठी, असा प्रश्न त्याने आपल्या टिपणांत विचारला आहे. न्याय्य युद्धाच्या या अटींचे विवेचन करणाऱ्या धर्मपंडित थॉमस अक्वायनसचे ग्रंथ ज्याच्या हाती क्वचितच पडले असतील, त्या मनुष्याने न्याय्य कारण व शुद्ध हेतू या दोन्ही अटी लावून युद्ध तपासले, ही गोष्ट मला त्याच्या धैर्याइतकीच विलक्षण वाटते.

सल्ल्यासाठी तो लिंझचे बिशप योसेफ फ्लीसर यांच्याकडे गेला. राज्यकर्त्यांच्या कृत्यांची जबाबदारी सामान्य प्रजाजनावर येत नाही, आणि घरी बायको व तीन लहान मुली असताना त्याने आपला जीव धोक्यात घालू नये, अशा आशयाचा उपदेश त्याला मिळाला. बिशपांना त्याची कणव होती यात शंका नाही. परंतु ज्या शिकवणीचे ते रखवालदार, तिची बाजू त्या दिवशी त्या शेतकऱ्याने राखली असे म्हणणे मला भाग आहे. १ मार्च १९४३ रोजी तो एन्सच्या छावणीत रुजू झाला आणि लढण्यास त्याने नकार दिला. शुश्रूषापथकात काम करण्याची त्याची तयारी होती, पण ती कोणी मानली नाही. ६ जुलैला बर्लिनच्या लष्करी न्यायालयाने देहान्ताची शिक्षा फर्मावली आणि ९ ऑगस्टला ब्रांडेनबुर्ग येथे त्याचा शिरच्छेद झाला. फ्रान्झ रायनिश या धर्मगुरूने हिटलरच्या निष्ठेची शपथ नाकारून त्याच तुरुंगात वर्षभरापूर्वी प्राण दिले होते, हे कारागृहातील पाद्र्यांकडून कळले तेव्हा त्याला फार मोठा धीर आला.

युद्धानंतरही धर्मसभेची भूमिका लगेच पालटली नाही. १९५६ च्या नाताळच्या संदेशात पोप बारावे पायस यांनी, लोकनियुक्त सरकारने न्याय्य संरक्षणासाठी केलेल्या सैन्यभरतीस कॅथलिक नागरिकाला सदसद्विवेकबुद्धीच्या आधारे नकार देता येणार नाही, असे स्पष्ट सांगितले. येगरश्टेटरची कथा जगापुढे आणली ती गॉर्डन झान या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने, १९६४ च्या आपल्या ग्रंथातून. झान स्वतः दुसऱ्या महायुद्धात शस्त्र नाकारून कॅथलिकांच्या श्रमछावणीत राहिलेले.

येथे मुंबईचा संबंध येतो. थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज जेझुइट १९३७ मध्ये मुंबईचे आर्चबिशप झाले. पोर्तुगाल व धर्मपीठ यांच्यातील तहनाम्यानुसार त्या गादीवर आलटून पालटून पोर्तुगीज व इंग्रज यावयाचे. रॉबर्ट्स यांनी ही वहिवाट मोडण्याचा ध्यास घेतला आणि १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस यांच्यासाठी गादी रिकामी केली. आपल्या अधिकारपदापेक्षा न्याय मोठा मानणाऱ्या याच निवृत्त धर्माधिकाऱ्याने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपुढे येगरश्टेटरचे उदाहरण मांडले. १९६५ च्या ऑक्टोबरात परिषदेकडे शांतीची याचना करीत रोममध्ये काही स्त्रियांनी दहा दिवस उपोषण केले, त्यांत अमेरिकन कॅथलिक कार्यकर्त्या डोरोथी डे होत्या. या उपोषणामागे ज्या लांझा देल वास्तो यांचा संप्रदाय होता, ते १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींजवळ राहून गेलेले आणि त्यांच्याकडून शांतिदास हे नाव घेऊन परतलेले.

आधुनिक जगातील धर्मसभेविषयी परिषदेने काढलेल्या ७ डिसेंबर १९६५ च्या घटनापत्राच्या एकोणऐंशीव्या कलमात, समाजाची अन्य मार्गाने सेवा करण्यास तयार असलेल्या शस्त्रविरोधकांसाठी कायद्याने माणुसकीची तरतूद करणे योग्य होय, असे परिषदेने नमूद केले. वाक्य सावध आहे. तरी १९५६ पासून तेथवरचा प्रवास थोडा नव्हे. १९७१ मध्ये अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने लुई नेग्रे या कॅथलिक सैनिकाचा दावा फेटाळला, कारण त्याचा आक्षेप सर्व युद्धांना नसून केवळ व्हिएतनामच्या युद्धाला होता. त्याच वर्षी तेथील बिशपांनी अशा विशिष्ट युद्धाच्या नकारासही कायद्याचे संरक्षण मिळावे अशी मागणी केली. येगरश्टेटरचा नकारही याच जातीचा. धर्मसभेने २००७ मध्ये लिंझच्या कॅथेड्रलमध्ये, चौऱ्याण्णव वर्षांच्या फ्रान्झिस्काच्या उपस्थितीत, त्याला धन्य घोषित केले. बिशपांनी मागितलेला कायदा अमेरिकन काँग्रेसने मात्र अद्याप केलेला नाही.