फॅटी लिव्हर आणि पुरुषांची हाडे

यकृतातील ५ टक्क्यांहून अधिक पेशींत चरबी साठली, की त्या अवस्थेला फॅटी लिव्हर किंवा मेदयुक्त यकृत म्हणतात. दारूशिवाय होणाऱ्या प्रकाराची ओळख १९८० पासून आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि पोटाचा वाढता घेर यांच्या सोबतीने तो बहुधा दिसतो, म्हणून २०२३ मध्ये त्याचे अधिकृत नाव बदलून चयापचयाच्या बिघाडाशी जोडण्यात आले. या विकाराच्या पुरुषांत हाडांची घनता कमी असणे आणि हाड मोडणे यांचे प्रमाण जास्त असल्याचे आशियातील काही अभ्यासांत आढळले आहे. यवतमाळ जिल्ह्यात, उदाहरणार्थ दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या कापूस, सोयाबीन, तूर पिकवणाऱ्या गावात, हा संबंध तपासताना दारू, खर्रा आणि जिल्ह्याच्या काही भागातले पाणी या तिन्ही गोष्टींचा हिशेब ठेवावा लागतो.

चीनमधील मध्यमवयीन व वृद्ध अशा साडेसात हजारांहून अधिक लोकांच्या २०१२ मधील अभ्यासात फॅटी लिव्हर असलेल्या पुरुषांत अस्थिभंग अधिक आढळले. स्त्रियांत तसा फरक दिसला नाही. कोरियातील २०१६ च्या अभ्यासात चित्र आणखी वेगळे होते. मध्यम ते तीव्र फॅटी लिव्हर असलेल्या पुरुषांत मांडीच्या हाडाच्या मानेची घनता कमी, तर पाळी गेलेल्या स्त्रियांत कण्याची घनता उलट जास्त. सगळे अभ्यास मात्र एका सुरात बोलत नाहीत. काहींत संबंध आढळलाच नाही. जाड माणसाच्या हाडांवर वजनाचा भार पडतो आणि भाराने हाड घट्ट होते, त्यामुळे वजनाचा हिशेब नीट न केल्यास निष्कर्ष फिरतो. फॅटी लिव्हरमुळेच हाड झिजते असे आज ठामपणे म्हणता येत नाही. दोन्ही विकार एकाच मुळातून येत असतील, हीही शक्यता आहे.

यकृत आणि हाड यांचे नाते मात्र जुने व सिद्ध आहे. उन्हात त्वचेत तयार झालेले ड जीवनसत्त्व पुढच्या रूपात बदलते ते यकृतात; रक्ततपासणीत मोजले जाते ते हेच रूप. हाडाच्या वाढीला चालना देणारा आयजीएफ-१ हा घटक मुख्यतः यकृतातून येतो आणि यकृत आजारी पडले की तो घटतो. चरबीने सुजलेले यकृत दाह वाढवणारी रसायने रक्तात सोडते. हाड सतत मोडून पुन्हा बांधले जात असते, आणि ही रसायने मोडणाऱ्या पेशींना जोर देतात. पुरुषांच्या बाबतीत टेस्टोस्टेरॉनचा धागाही महत्त्वाचा आहे. पोटाची चरबी आणि इन्सुलिनला न जुमानणारे शरीर यांच्या जोडीला हे संप्रेरक बहुधा कमी असते, आणि ते कमी झाले की हाड व स्नायू दोन्ही उतरणीला लागतात. यकृत कडक होऊन सिरॉसिसपर्यंत गेल्यावर हाडे कमकुवत होतात हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. नवीन आहे ते एवढेच, की शंका आता बऱ्याच आधीच्या टप्प्यापर्यंत मागे आली आहे.

फॅटी लिव्हर म्हणजे सुटलेले पोट, हा समज भारतात फसतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेला फोटो वैद्यकशास्त्रात गाजला. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या मातृपोषण अभ्यासातूनही याज्ञिकांच्या गटाने हेच दाखवले, की भारतीय बाळ जन्मतः हलके असले तरी त्याच्या अंगी चरबी तुलनेने जास्त असते. यकृताच्या बाजूने याला दुजोरा मिळाला तो पश्चिम बंगालमधून. तेथील गरीब ग्रामीण वस्तीच्या २०१० मधील पाहणीत ८.७ टक्के लोकांना फॅटी लिव्हर निघाले, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक ना जाड होते, ना पोट सुटलेले. संपूर्ण देशाचे अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये मांडलेला प्रौढांचा आकडा ३८.६ टक्के आहे. त्यामुळे वावरात राबणारा, पाठीवर १५-१६ लिटरचा फवारणीचा पंप घेऊन फिरणारा सडपातळ माणूस या विकारातून आपोआप सुटत नाही. ओझे वाहण्याने त्याच्या हाडांना फायदा होतो, हे खरे. पण असा बारीक माणूस हाडांच्या दृष्टीने अधिक धोक्यात असू शकतो, कारण कमी वजन हे हाडे ठिसूळ होण्याचे स्वतंत्र कारण आहे.

विदर्भात या प्रश्नाला खर्ऱ्याची जोड आहे. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून पानठेल्यावर घोटला जातो, आणि पुडी दिवसभर खिशात राहते. तैवानमधील अभ्यासांनी सुपारीचा संबंध मधुमेह व चयापचयाच्या बिघाडाशी लावला आहे. तंबाखू ओढल्याने हाडांची घनता घटते हे ठाम आहे. चघळण्याच्या तंबाखूबाबत पुरावा त्यामानाने थोडा आहे. चुन्यातून कॅल्शियम मिळते असा बचाव पानठेल्यावर हमखास ऐकू येतो. तो करणाऱ्याने निम्मा चुना तर थुंकलेलाच असतो.

दारू हे दुसरे कारण. शेजारचा वर्धा जिल्हा १९७० च्या दशकापासून, तर गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीखाली आहे. चंद्रपुरात बंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. यवतमाळमध्ये बंदी नाही, आणि तिच्यासाठी स्त्रियांनी मोर्चे काढले आहेत. दारू यकृतात चरबी साठवते, हाड बांधणाऱ्या पेशींना दाबते, टेस्टोस्टेरॉन घटवते आणि माणसाला पाडते. नव्या नामावलीत चयापचयाचा बिघाड आणि दारू दोन्ही असलेल्यांसाठी वेगळा गटच केला आहे. कागदावरची ही विभागणी सोपी आहे. ओपीडीत बायकोसमोर बसलेल्या माणसाला ‘किती घेता?’ विचारून खरे उत्तर मिळवणे अवघड.

तिसरी गोष्ट पाण्याची. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा भागातील भूजलात फ्लोराइड जास्त असल्याचे नोंदले गेले आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ पर्यंत चालते, असे भारतीय मानक सांगते. वर्षानुवर्षे जास्त फ्लोराइड पोटात गेले की हाड दाट होते, पण मजबूत होत नाही. हाडांची घनता मोजणारी डेक्सा चाचणी अशा रुग्णात घनता चांगली, अगदी सरासरीपेक्षाही वरचढ दाखवते, आणि हाड मात्र ठिसूळच असते. अशा गावांतल्या पुरुषांवर यकृत व हाडांचा अभ्यास करायचा, तर पाण्याची तपासणी आधी व्हायला हवी. परदेशी अभ्यासांचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

विकार सहसा सोनोग्राफीत, दुसऱ्याच कारणासाठी गेलेल्या माणसाला, कळतो. रिपोर्टवर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ लिहिलेले असते आणि घरी निरोप जातो, की लिव्हरवर सूज आहे. ग्रेडपेक्षा यकृत कडक होत आहे का, हे कळणे महत्त्वाचे. त्यासाठी फिब-४ हा हिशेब साध्या रक्ततपासणीवर होतो. वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट गुणिले एएलटीचे वर्गमूळ (एएसटी आणि एएलटी ही यकृताच्या तपासणीतली एन्झाइम्स). वय ५२, एएसटी ४८, एएलटी ६४ आणि प्लेटलेट २ लाख, म्हणजे सूत्रात २०० धरले, तर उत्तर १.५६ येते. १.३ च्या खाली धोका कमी मानतात. पासष्टीनंतर ही रेषा २ वर जाते. वरच्या उदाहरणातील माणसाला यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या चाचणीसाठी पाठवायला हवे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये या विकाराला असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतले. तिशीपुढच्या माणसांच्या धोक्याची गुणयादी भरताना आशाताई कमरेला टेप लावतात. पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या पुढे धोक्याचे गुण चढतात. हाडांची घनता या तपासणीत बसत नाही.

पुरुषांची हाडे मागे पडतात याला एक साधे कारण आहे. हाडे ठिसूळ होणे हा बायकांचा, तोही पाळी गेल्यावरचा आजार समजला जातो. जगभरात पन्नाशी ओलांडलेल्या साधारण पाचांतल्या एका पुरुषाला ठिसूळपणामुळे अस्थिभंग होतो. खुब्याच्या अस्थिभंगानंतर वर्षभरात दगावण्याचे प्रमाणही पुरुषांतच जास्त असते. कण्याचा दबलेला मणका तर बहुतेक वेळा आवाजही करत नाही. पोते उचलताना पाठ धरली, मणक्यात गॅप आला, मालीश केली, पट्टा बांधला, आणि विषय मिटला. उंची दोन-तीन सेंटिमीटरने कमी झाली आहे का, हे कुणी मोजत नाही, जरी त्याला भिंत आणि टेप एवढेच लागते. शिबिरांत टाचेवर लावले जाणारे यंत्र निदानासाठी पुरेसे नाही. निदान डेक्सावर होते, आणि टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली गेल्यास ऑस्टिओपोरोसिस म्हणतात.

उपचारात दोन अवयवांचे हित कधी कधी एकमेकांच्या आड येते. वजन ७ ते १० टक्क्यांनी उतरले तर यकृताची चरबी व दाह दोन्ही कमी होतात. सडपातळ रुग्णाला त्याहून थोडी घटही पुरते. पण उपाशी राहून झपाट्याने वजन उतरवले, की स्नायू आणि हाडही सोबत जाते. म्हणून जेवणातून भात, साखरेचा चहा, आलूबोंडा कमी करताना तुरीचे वरण, हरभरा, दूध-दही, अंडी कमी करू नयेत, आणि चालण्याच्या जोडीला वजन उचलण्याचा व्यायाम असावा. पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचे स्वस्त औषध यकृताच्या दाहावर उपयोगी पडते, पण त्याने अस्थिभंगाचा धोका वाढतो, मुख्यतः स्त्रियांत. हाडे आधीच कमकुवत असलेल्या पुरुषाला ते देतानाही दोनदा विचार करावा लागतो. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, ठरलेले आठवडे, अशीच घ्यायची असते. कुणी ती महिनोन्‌महिने चालू ठेवतो, कुणी रोज एक घेतो, आणि मग रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर ताण येतो. कॅल्शियमची प्रौढांची रोजची गरज भारतीय शिफारशीनुसार १,००० मिलिग्रॅम आहे. ती गोळीआधी दूध, तीळ आणि नाचणीतून भागवता येते. नाचणी वऱ्हाडाच्या ताटात फारशी नाही; तीळ आहेत, पण संक्रांतीपुरते.