नजरेवरचा आळ

पूर्वपक्ष असा : डोळे आलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघू नये. बघितलं की आपलेही येतात. म्हणून त्याने गॉगल लावावा आणि इतरांनी नजर चुकवावी. हे मत काही केवळ जुन्या बायाबापड्यांचं नाही. साथ आली की काळ्या चष्म्यांचा खप वाढतो आणि चांगले शिकलेसवरलेले लोकही बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे पाहू लागतात. या मताच्या पोटातून दुसरं निघतं : घरात एकाला आले की सगळ्यांना येणारच. ते साहजिकच आहे. दोन खोल्यांच्या घरात नजर कुठे कुठे चुकवणार? मग करण्यासारखं एवढंच उरतं, की मेडिकलमधून ड्रॉप्सची एक बाटली आणायची आणि लहानथोर सगळ्यांना ओळीने बसवून सगळ्यांच्या डोळ्यांत घालायची.

माझा आक्षेप पहिल्या मताइतकाच या दुसऱ्यावर आहे. किंबहुना दुसऱ्यावर जास्तच, कारण पहिलं नुसतं चुकीचं आहे, दुसरं रोग वाढवतं.

नजरेच्या मताला मोठं कूळ आहे, हे आधी मान्य करू. आपले नैयायिक चक्षुरिंद्रिय तैजस मानत. त्याचे किरण बाहेर पडून वस्तूला भिडतात, तेव्हा ती दिसते, असं त्यांचं म्हणणं. बौद्धांनी ते खोडून काढायचा प्रयत्न केला, वाद शतकानुशतकं चालला. तिकडे ग्रीक लेखक प्लुटार्क दृष्ट लागण्याची चर्चा करताना डोळ्यांच्या दुखण्याचंच उदाहरण देतो आणि हे दुखणं इतक्या सहज पसरतं ते डोळ्याच्या तेजामुळे, असं सुचवतो. डोळ्यातून काहीतरी बाहेर पडून समोरच्याला लागतं, असं एकदा धरलं की रोगही त्याच वाटेने जाणार, हे तर्काला धरूनच आहे. फक्त मूळ गृहीतक टिकलं नाही. अकराव्या शतकात इब्न अल्-हैथमने दाखवून दिलं की पाहणं म्हणजे प्रकाशाने डोळ्यात शिरणं. डोळ्यातून बाहेर काही जात नाही.

पण याहून बोलका पुरावा आपल्या घरचा आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, कुष्ठाच्या अध्यायाच्या शेवटी, एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रोगांची यादी येते. त्यात नेत्राभिष्यंद, म्हणजे डोळे येणं, स्पष्ट नावानिशी आहे. ते कशाने पसरतात, तेही सांगितलं आहे : अंगाला अंग लागणं, श्वास, एकत्र जेवण, एकाच अंथरुणावर किंवा आसनावर बसणं-निजणं, एकमेकांची वस्त्रं, माळा आणि उटणी वापरणं. या यादीत नजर नाही. परंपरेचा दाखला देऊन नजर चुकवणाऱ्यांनी ती यादी एकदा सावकाश वाचावी. उटण्यापाशी थोडं थांबावं, त्याकडे पुढे यायचंच आहे.

मग इतक्या लोकांचा अनुभव खोटा का? अनुभव खरा, निष्कर्ष चुकलेला. साथीत डोळे आणणारे विषाणू मुख्यतः दोन घराण्यांतले : एन्टेरोव्हायरस आणि अ‍ॅडिनोव्हायरस. पहिल्याचा उद्भवनकाळ अगदी कमी, दिवस-दोन दिवसांचा. काल ज्याच्याशी समोरासमोर बसून गप्पा मारल्या त्याचे डोळे लाल होते, आज आपले चुरचुरतायत. मधल्या वेळात नजरानजर झालेली असतेच. ती आठवते. त्याच्याशी केलेलं हस्तांदोलन, त्याने पुढे केलेला मोबाइल, त्याच्या खुर्चीच्या हातावर टेकलेला आपला हात आणि नंतर सहज डोळ्याला लावलेलं बोट हे कुणाला आठवत नाही. दिवसभरात आपण चेहऱ्याला किती वेळा हात लावतो, याची नोंद कुणी ठेवत नसतं. अ‍ॅडिनोव्हायरस त्याहून फसवा. तो साधारण आठवडाभर, कधी जास्तही, दबा धरून बसतो, त्यामुळे माग काढणंच अवघड होतं. खोकल्या-शिंकेतूनही तो जातो, हे सांगायला हवं; पण तिथेही जातात ते थेंब.

2023च्या पावसाळ्यात आळंदीत शाळकरी मुलांपासून सुरू झालेली साथ बघता बघता राज्यभर पसरली. नमुन्यांत एन्टेरोव्हायरस सापडला. मुलं एका बाकावर बसतात, एका नळाला तोंड धुतात, एकमेकांचे रुमाल ओढतात. याहून जास्त स्पष्टीकरणाची गरज नाही.

आता घरातली सकाळ पाहू. मुलगा उठतो तो पापण्या चिकटलेल्या. आजी पदराचं टोक कोमट पाण्यात बुडवून चिपडं पुसते, आधी एक डोळा, मग त्याच टोकाने दुसरा. रात्री दुसरा चांगला असेल तर आता तोही गेला. पदर खांद्यावर परत जातो आणि पाच मिनिटांनी त्याच पदराने धाकटीचं नाक पुसलं जातं. मुलगा बेसिनवर जातो, नळ फिरवतो, तोंड धुतो, खुंटीवरच्या नॅपकिनला चेहरा पुसतो. तो नॅपकिन घराचा आहे, कुणा एकाचा नाही. दुपारपर्यंत त्याला चार तोंडं लागणार. अश्रूंत आणि चिपडांत विषाणू ठासून भरलेला असतो. अ‍ॅडिनोव्हायरसचे काही प्रकार कोरड्या प्लास्टिकवर नि धातूवर काही आठवडेसुद्धा तग धरतात. या सगळ्या काळात मुलाने गॉगल इमानाने लावलेला असतो. मध्येच तो धाकटी हौसेने स्वतःच्या डोळ्यांवर चढवते, हे वेगळंच.

आणि मग ती बाटली. एकाच्या पापणीला तिचं टोक टेकतं, मग दुसऱ्याच्या. असं औषध आणि नेम धरून केलेली लागण यांत मला फरक दिसत नाही. ही अतिशयोक्ती वाटत असेल तर दुसऱ्या महायुद्धातलं उदाहरण पाहावं. पर्ल हार्बर आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जहाजबांधणीच्या गोद्यांत कामगारांच्या डोळ्यांची मोठी साथ आली, इतकी की त्या दुखण्याला गोदीचंच नाव पडलं. कामगार डोळ्यात उडालेला धातूचा कण काढून घ्यायला गोदीतल्या दवाखान्यात जात. तिथलीच उपकरणं, तिथलेच थेंब आणि तिथलेच हात एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे फिरत. कण काढायला गेलेला माणूस विषाणू घेऊन परतत असे. त्या रोगामागचा अ‍ॅडिनोव्हायरसचा आठवा प्रकार पुढे 1955 साली अर्नेस्ट जावेट्झ यांनी वेगळा काढला.

शिवाय त्या बाटलीत असतं काय? बहुधा प्रतिजैविक. विषाणूवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. आठवड्याभरात डोळे बरे होतात ते आपल्या आपण, श्रेय मात्र बाटलीला जातं. चिकट पिवळा पू सतत येत असेल तर जिवाणूंचा संसर्ग असू शकतो आणि तिथे प्रतिजैविकाचं काम आहे. पण ते डॉक्टरने डोळा पाहून ठरवायचं, मेडिकलवाल्याने गल्ल्यावरून नव्हे. काही बाटल्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने लाली झटकन उतरते, माणूस खूश होतो. पण नागिणीच्या कुळातल्या हर्पीस विषाणूने डोळे आले असतील तर तेच थेंब बुबुळाची वाट लावू शकतात. घरगुती उपाय म्हणून डोळ्यांत घातलं जाणारं अंगावरचं दूध, मध, गुलाबपाणी यांबद्दल एवढंच, की यांतलं काहीच निर्जंतुक नसतं.

उटण्याकडे परत येतो. आपल्या घरांतलं उटणं म्हणजे काजळ. एक डबी, एक करंगळी, आणि रांगेने बसलेली पोरं. दृष्ट लागू नये म्हणून लावलेलं काजळ एका मुलाच्या पापणीतलं दुसऱ्याच्या पापणीत पोचवतं. नजरेला भिऊन आपण बोट डोळ्यात घातलं, हे या प्रकरणातलं सगळ्यात विलक्षण कलम. साथीत डबी सरळ फेकून द्यावी. आयलायनर आणि मस्कारा यांनाही हाच न्याय.

गॉगलला मी पूर्ण मोडीत काढत नाही. उजेड सोसत नाही तेव्हा त्याने बरं वाटतं, आणि काच मध्ये आली की डोळा चोळायला जाणारा हात थोडा अडतो. त्याचा उपयोग लावणाऱ्याला आहे, समोरच्याला जवळपास नाही.

‘येणारच’ म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला हवं ते हातांच्या बाबतीत. हात साबणाने, वाहत्या पाण्याखाली, नीट चोळून धुवावेत. हे विषाणू सॅनिटायझरला साबणाइतके दाद देत नाहीत, त्यामुळे बाटलीतली जेल चोळून निश्चिंत होऊ नये. आजाऱ्याचा टॉवेल वेगळा, उशी वेगळी, अभ्रा रोज गरम पाण्यात. डोळे पुसायला स्वच्छ कापसाचा बोळा, प्रत्येक डोळ्याला नवा, एकदा फिरवला की केरात. पुसणाऱ्याने लगेच हात धुवायचे. आजीला हे सांगणं अवघड, पण सांगावं. नळाची मूठ, दाराची कडी, रिमोट, मोबाइल पुसून घ्यावेत. कॉन्टॅक्ट लेन्स बंद. पाणी येतंय, लाली आहे तोवर मुलाला शाळेत पाठवू नये, गॉगल लावूनही नाही. एवढं करूनही कधी दुसऱ्याला येतात, कारण पहिल्याचे डोळे लाल झालेले कळेपर्यंत नॅपकिन फिरून गेलेला असतो. म्हणून साथ गावात आली की नॅपकिन वेगळे करायचे, घरात यायची वाट पाहायची नाही.

‘किरकोळ दुखणं’ हा शेराही जपून मारावा. 1969 साली घानात उद्भवलेली, अपोलो यानाच्या नावाने ओळखली गेलेली साथ 1971 साली भारतात आली. बंगालात तिला ‘जय बांगला’ म्हणत. मुंबईत त्या साथीनंतर काही रुग्णांचे डोळे बरे होऊन पाय लुळे पडले. मज्जाविकारतज्ज्ञ नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते 1972 साली ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवलं. असे रुग्ण अगदी थोडे होते. पण डोळा नुसता चुरचुरत नसून ठणकत असेल, दिसणं अंधुक झालं असेल, उजेडाकडे पाहवतच नसेल, आजारी माणूस लेन्स वापरणारा असेल, किंवा तान्ह्या बाळाचे डोळे आले असतील, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं आणि जाताना घरातली ती ड्रॉप्सची बाटलीही दाखवायला न्यावी.